पणजोबांची बाराबंदी आणि धुळ्यातले शिंपी आबा

दुकानाचं नाव लिहायचं नाही, या अटीवर हे लिहितोय. अट आबांची. "लगीनसराईमा लोके ब्लाउज लई येतीन," म्हणाले, आणि त्यांच्यापुरता विषय संपला. तेव्हा इतकंच सांगतो की धुळ्यात आग्रा रोडला लागून ज्या नंबरांच्या गल्ल्या आहेत, त्यांतल्या एकीत जिन्याखाली हे दुकान आहे. पाटी नाही. दोन मशिनं, कापड बेतायची एक लांब फळी आणि खुंटीला टांगलेली, आबांच्या सूनबाईंनी शिवलेली नऊवारी, हीच खूण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने हा भाग दोरी लावल्यासारखा सरळ आखला. मी ३१ वर्षं भूमी अभिलेखात भूकरमापक होतो, त्यामुळे सरळ गल्ली दिसली की मला उगाच बरं वाटतं. पुढे काय घडलं ते वाचताना माझी ही नोकरी लक्षात ठेवा, कारण लाज तिथेच गेली.

मला हवी होती पणजोबांची बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायचा जुना अंगरखा, आणि पणजीची चोळी. दोन्ही आज घरात नाहीत. आहे तो फोटो. पणजोबा खुर्चीवर बसलेले, पणजी बाजूला उभी, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा आणि त्यावर आमच्या अमळनेरात कधीच नव्हती अशी एक बाग. घरात सांगतात की फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्या वर्षीचा, म्हणजे १९३६चा हा फोटो. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन, आणि डिसेंबरच्या थंडीत पणजोबा तिथवर बैलगाडीने गेले होते असंही सांगतात. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून पितरांची आगारी (निखाऱ्यावरचा नैवेद्य) टाकतो तेव्हा हा फोटो भिंतीवरून उतरतो, पुसला जातो, हार घालून परत चढतो. गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, "काका, पुढच्या आखाजीला आपण सेम यांच्यासारखे कपडे करून फोटो काढू." सगळ्यांनी माना डोलावल्या, काम माझ्यावर टाकलं आणि खापरावरची पुरणपोळी वाढायला घेतली.

आधी सोपा रस्ता धरला. ऑनलाइन बाराबंदी मागवली. आली ती चकाकत्या कापडाची, पाठीत चेन लावलेली. पुढचे बंद नुसते शोभेचे, ते ओढले तर एक हातातच आला, आणि खरं बंद करायचं काम आतल्या वेल्क्रोकडे. गॅदरिंगला ठीक आहे. पण बाराबंदी हा काही संपलेला कपडा नाही. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आजही माणसं पांढरीशुभ्र बाराबंदी घालून मिरवणुकीत चालतात. ती बघितलेल्या माणसाला चेनवाली कशी चालेल? परत पाठवली. पैसे यायला महिना लागला.

मग फोटो साफ करून घेऊ म्हटलं, म्हणजे कपडा नीट दिसेल. एका मोठ्या शहरातल्या फोटोवाल्याने १५०० रुपये घेतले आणि जे दिलं ते बघून आमच्या सौ. म्हणाल्या, "मामंजींच्या आजोबांना पावडर कोणी लावली?" चेहऱ्याच्या सुरकुत्या गेल्या होत्या, त्यासोबत कपड्याच्याही. हे मला तेव्हा कळलं नाही, आबांकडे गेल्यावर कळलं. कपड्याची शिलाई कुठे आहे, कापड उभं आहे की उरेब (तिरपं), बंद कुठून निघालाय, हे सगळं त्या चुण्यांमध्येच असतं. चुणी पुसली की पुरावा पुसला. पुतण्याने मोबाईलवर एका ॲपमध्ये रंगही भरून पाहिले. पणजोबा जांभळट कपड्यात आणि पणजीची चोळी शाळेच्या फळ्यासारखी काळी. ॲपला काय माहीत, ते आपलं अंदाजपंचे भरतं.

तर कोणी असा फोटो घेऊन जाणार असेल तर आधी हे करा. फ्रेममधून काढा, काच बाजूला ठेवा, साधा स्कॅन करून घ्या, १२०० डीपीआयवर, आणि त्या माणसाला हात जोडून सांगा की काहीही सुधारू नकोस. डाग राहू दे. आबा मोबाईलवर फोटो बघत नाहीत. ए-थ्री कागदावर प्रिंट काढून न्यावी लागते, एक अख्ख्या फोटोची आणि एक नुसत्या छातीच्या भागाची.

पहिल्या भेटीत आबांनी प्रिंट फळीवर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. सत्तरीच्या पुढचे आहेत. मी आपलं १९३६, फैजपूर वगैरे सांगत होतो. त्यांनी पणजोबांच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पुढलं दिखस. पाठ कोठे शे?"

मी म्हटलं, आबा, फोटोत पाठ कशी असेल?

"मंग काय शिवू? अर्धा मानूस?"

इथेच मला हा माणूस पटला. याआधी मी तीन ठिकाणी विचारलं होतं, तिघांनी "हो साहेब, सेम टू सेम करून देतो" म्हणून टेप काढली होती. पाठ कुठे आहे हे कोणी विचारलं नव्हतं. आबा स्वतः बाराबंदी शिवणाऱ्या बापाचे मुलगे. "मना बाप शिवे. मी उसवी उसवी शिकनू," असं ते सांगतात. म्हणजे गिऱ्हाईक जुनी फाटकी बाराबंदी नव्या कापडासोबत टाकून जायचं, बाप ती पोराला उसवायला द्यायचा, आणि सुटे झालेले तुकडे जमिनीवर मांडले की कपडा कसा बेतला होता ते समोर यायचं. पाठीचा प्रश्न आबांनी त्याच आठवणीतून सोडवला. मला मात्र त्यांनी कामाला लावलं. म्हणाले, मापं आणा, अंगाची नकोत, फोटोतली.

हे माझं खातं. फोटोतली लाकडी खुर्ची आमच्या माजघरात अजून आहे, वडील तिच्यावर बसून पेपर वाचतात. तिची पाठ ३६ इंच, हात जमिनीपासून २५ इंच, पाव इंचापर्यंत मोजून घेतले. प्रिंटवर तीच खुर्ची किती मिलिमीटर येते ते मोजलं आणि प्रमाण काढलं. नकाशाचंच काम. फक्त एक पथ्य आहे. ज्या वस्तूवरून प्रमाण काढायचं ती कॅमेऱ्यापासून कपड्याइतक्याच अंतरावर हवी. खुर्चीचे पुढचे पाय कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून मोठे दिसतात, त्यांच्यावरून मोजलं तर बाही दोन इंचांनी आखूड येते. खुर्चीचा हात आणि पणजोबांचं कोपर एका रेषेत होतं, मी तेच धरलं. बाहीची लांबी, बंदांमधलं अंतर, गळ्याच्या तिरप्या रेषेची उंची, सगळं एका तावावर लिहून दिलं. आबांनी ताव बघितला आणि सुनेला म्हणाले, यांनी तलाठ्यासारखं लिहून आणलंय. भूकरमापकाला तलाठी म्हणणं म्हणजे काय ते आमच्या खात्यातल्यांना कळेल. गप्प बसलो.

त्या मापांतून एक गोष्ट निघाली, तिचा मला अजून अभिमान आहे. छातीवर एक फिकट उभी रेघ होती. मी ती फोटोवरचा ओरखडा समजत होतो. आबा म्हणाले जोड आहे. पाठीच्या मध्यापासून, म्हणजे जिथे कापडाची मधली घडी येईल तिथपासून, ती रेघ साडेतेरा इंचांवर. दुप्पट केली की २७. म्हणजे कापडाचा पन्हा (रुंदी) २७ इंचांचा असावा. हातमागाचं कापड अरुंद असे, कारण आडवा धागा नेणारा धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. पन्हा अरुंद म्हणून अंगात मावेना, मग दोन्ही बाजूंना तिरप्या कळ्या जोडायच्या. आता खादी भांडारात ३६ इंच पन्ह्याची खादी मिळते, तिच्यात पणजोबा एका तुकड्यात मावले असते. आबांनी ती खादी आधी रात्रभर पाण्यात भिजवली (आटते ती आटू दे, शिवल्यावर नको), वाळवली आणि मग उभी फाडून २७ची केली. चांगलं कापड फाडताना बघून माझ्या पोटात कालवलं. पण जोड जिथे हवा तिथे आला.

खांद्यावर शिवण नाही. पुढचा आणि मागचा भाग एकच, खांद्यावरून घडी घातलेला. आजचे शिंपी मुंढा (बाही जोडायची जागा) गोल कापतात, बाही त्या गोलाईत बसवतात. बाराबंदीची बाही म्हणजे सरळ नळी, सरळ कडेला जोडलेली, आणि हात वर करता यावा म्हणून काखेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला. कापड बेतताना फळीवर फारशी चिंधीच उरली नाही, सगळे चौकोन आणि त्रिकोण एकमेकांत बसलेले. गोल मुंढा कापला असता तर तेवढं कापड वाया. आणि खांद्याची चुणीही वेगळी पडते, सरळ बाहीला काखेपाशी तिरप्या तीन-चार घड्या येतात. त्या पणजोबांच्या फोटोत होत्या. साफ केलेल्या प्रतीत नव्हत्या.

बंद बारा की किती, यावर आमची वादावादी झाली. फोटोत मला चारच दिसत होते. बारा बंद म्हणजे सहा जोड्या, मग बाकीचे गेले कुठे? आबांचं म्हणणं, एक पदर आत जातो, त्याचे बंद आतच बांधले जातात, ते फोटोत कसे दिसणार? दिसणाऱ्या दोन जोड्यांवरून त्यांनी बाकीच्या जागा ठरवल्या. हा अंदाज आहे, त्यांनीही तो अंदाज म्हणूनच सांगितला. आधी मांजरपाटाचा नमुना केला, कच्चा टाका घालून. तो पुतण्याच्या अंगावर चढवून खुर्चीवर फोटोसारखं बसवलं आणि चुण्या जुळवल्या. या नमुन्याचे २५० रुपये वेगळे. वाचवू नका.

चोळी सूनबाईंनी केली. त्यांचं रोजचं काम फॅन्सी ब्लाउज आणि शिवलेल्या नऊवाऱ्या. त्या शिवलेल्या नऊवारीबद्दल माझं मत चांगलं नाही, पण त्यांच्या घरात बसून ते सांगायची हिंमत झाली नाही, आणि विकणारा माल तोच आहे. चोळीचं मात्र त्यांनी मन लावून केलं. जुनी चोळी एका खणात बसते. खणाचा काठ बाह्यांच्या टोकाला आणि खाली यायला हवा, हुक नाहीत, पुढे गाठ. टक्स घालून उभार आणायची आजची पद्धत त्यांनी पहिल्या वेळी सवयीने वापरली, आबांनी काही न बोलता उसवायला दिली. दुसऱ्या वेळी उरेब तुकडे जोडून तोच आकार आणला.

खरी पंचाईत रंगाची. फोटोत चोळी काळीकुट्ट. घरातल्या सगळ्यांचं ठरलं होतं की पणजीची काळी चोळी. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसतातच की, त्यामुळे मलाही त्यात गैर वाटलं नाही. मी काळा खण घ्यायला निघालो होतो. सूनबाईंनी प्रिंटवर पणजीच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आनि कुंकू कोनता रंगनं शे?"

कपाळावरचं कुंकूही तितकंच काळं होतं.

अमळनेरला माझे एक मित्र आहेत, त्यांचे वडील फोटोग्राफर होते. त्यांनी मग सगळं समजावलं. जुन्या प्लेटा आणि फिल्म सगळे रंग सारखे पकडत नसत. सगळ्यात जुन्या प्लेटा निळ्या उजेडालाच काय त्या जागत, त्यांच्यावर पिवळं आणि लाल दोन्ही काळं पडायचं आणि आकाश पांढरंफटक. नंतरची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म हिरवं-पिवळं पकडायची, पण लालाला आंधळीच. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. सगळे रंग घेणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म निघाली होती, पण लहान गावांच्या स्टुडिओत ऑर्थो बरीच वर्षं टिकली. म्हणजे आमची पणजी काळ्या चोळीत असेलही, पण तिची चोळी आणि तिचं कुंकू एकाच छटेचं आहे, आणि कुंकू लाल होतं हे आपल्याला माहीत आहे. फोटोतच रंगाचा नमुना लावलेला होता आणि आम्ही ८०-९० वर्षं तो बघत बसलो होतो.

घरी येऊन जुन्या गोधड्या काढल्या. एका गोधडीत खणाचा टीचभर तुकडा सापडला, विटून विटकरी झालेला, कडेला काठाची रेघ. हाच पणजीचा खण असं मी म्हणत नाही, गोधडीत चार घरांच्या चिंध्या असतात. पण लाल घ्यायला धीर आला. धुळ्याच्या बाजारात खण म्हणून मिळतो तो बहुतेक पॉलिस्टरचा, हल्ली त्याच्या पर्स आणि तोरणंही करतात. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खरा खण पुण्याहून एका पाहुण्याकडून आणवला.

आता तक्रारी. आबा वेळ पाळत नाहीत. तीन आठवड्यांचा वायदा होता, सात लागले. फोन लावला तर नातू उचलतो आणि "आजोबा जेवताहेत" सांगतो, सकाळी ९ला पण आणि दुपारी ४ला पण. अमळनेरहून तासाभराची एसटी, उन्हाळ्याचे दिवस, आणि मी पाच वेळा गेलो, त्यातल्या दोन खेपा फुकट. पावती देत नाहीत. कपडा घालून बघायला पडद्यामागे दोन फूट जागा, तिथे सूनबाईंच्या पिकोफॉलच्या साड्यांचा ढीग. पागोटं करून द्याल का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, ते आपलं काम नाही. हे प्रामाणिक होतं, पण त्यामुळे पुतण्याला शेवटी बाजारचा फेटा बांधावा लागला आणि फोटोत तो लग्नातल्या वरबापासारखा दिसतो. शिलाई बाराबंदीची १२००, चोळीची ६००. रेडीमेडपेक्षा महाग आहे. एवढं कापड फाडून, भिजवून, उसवून काम करणाऱ्याला मी कमीच म्हणेन.

बाराबंदी मिळाली आखाजीच्या आदल्या संध्याकाळी. घरी आणली, खुंटीवर टांगली. दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आत्या आली, शिरपूरहून, वय ८३. आखाजीला माहेरी यायचा तिचा नेम अजून मोडलेला नाही. घागर भरली, आगारी टाकली, फोटो खाली उतरवून पाटावर ठेवला. पुतण्याने बाराबंदी घातली, पुतणसून लाल चोळी घालून शेजारी उभी राहिली. आमच्याकडे सगळे वाहवा करत होते. आत्या मात्र फोटोकडे बघत होती. तिची आजी ती, तिला आठवणारी.

"आरे," ती म्हणाली, "माय जेवनी नाकपुडीमा नथ कवय घाले?"

नथ डाव्या नाकपुडीत घालतात. फोटोत पणजीची नथ उजवीकडे होती. सगळ्यांनी डोळे बारीक करून बघितलं. माझ्या मनात नथ नव्हती, खुर्ची होती. उठून माजघरात गेलो. खुर्चीच्या डाव्या हातावर लाकडाची एक मोठी गाठ आहे, रुपयाएवढी, पेपर वाचताना वडिलांचं बोट तिच्यावरून फिरत असतं. फोटोत ती गाठ उजव्या हातावर. मी ती खुर्ची पाव इंचापर्यंत मोजली होती.

आत्याकडे मूळ छोटा फोटो होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तिच्या पेटीत. भिंतीवरची आमची फ्रेम म्हणजे त्यावरून वडिलांनी १९७०च्या सुमारास मोठी करून घेतलेली प्रत. त्या स्टुडिओवाल्याने फोटोचा फोटो काढला आणि छापताना निगेटिव्ह पालथी ठेवली. पन्नास वर्षं आम्ही पणजोबांना आरशात बघत होतो. आत्याच्या नातवाने मूळ फोटो मोबाईलवर पाठवला, आणि तिथे बाराबंदीचा पदर बरोबर उलट्या बाजूला बांधलेला. नकाशा पालथा धरून मोजणी केल्यासारखं झालं. खात्यात असतो तर शेजारच्या वावरवाल्याने कोर्टात खेचलं असतं.

दोन दिवसांनी धुळ्याला निघालो तेव्हा एसटीत नसती शोधाशोध डोक्यात चालू होती. अजिंठ्याची लेणी आमच्यापासून फार लांब नाहीत, आणि त्या लेण्यांची चित्रं उतरवण्यात वीसएक वर्षं घालवलेला रॉबर्ट गिल भुसावळला पुरलेला आहे. त्याने केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मी मनात म्हणत होतो, त्याच्या निदान जळाल्या, माझी उलटी निघाली. ही काही तुलना नाही, पण शिंप्याकडे चूक कबूल करायला जाताना माणसाला कशाचाही आधार लागतो.

आबांना दोन्ही फोटो दाखवले. मूळचा आणि पालथा. मला वाटलं आता नवं कापड, नवे १२००, आणि पुन्हा सात आठवडे. त्यांनी बाराबंदी हातात घेतली, दोन्ही बाह्यांत हात घालून त्या आत ओढल्या आणि अख्खा कपडा उलटा केला. उशीचा अभ्रा उलटतो तसा. उलटा करून माझ्यासमोर धरला.

मी आधी काही बोललो नाही, कारण मला आतली बाजू दिसतच नव्हती. जोडांच्या कडा त्यांनी दोन्हीकडून दुमडून शिवल्या होत्या, एक धागा सुटलेला नाही, इंटरलॉक नाही, कुठे कापडाची कड उघडी नाही. सरळ बाजू कोणती आणि उलटी कोणती हे मलाच सांगता येईना. कपडा उलटला की डावं उजवं होतं, डावीकडचा पदर उजवीकडे जातो. बाह्या सरळ नळ्या, मुंढा गोल नाही, खांद्याला शिवण नाही, त्यामुळे काही आड येत नाही. गोल मुंढ्याची, अस्तराची, कॉलरची बाराबंदी असती तर ती उलटीच दिसली असती. आबांनी बंद तेवढे उसवून दुसऱ्या बाजूने लावले. मी स्टुलावर बसून होतो. पाऊण तास लागला, चहा धरून. पैसे घेतले नाहीत, चहाचे मी दिले.

म्हणून इथे लिहून ठेवतो, कोणाकडूनही जुना कपडा शिवून घेतला तर घालून आरशात बघण्याआधी तो उलटा करून बघा. आणि फोटो देण्याआधी त्यातली नथ बघा, कोटाची बटणं बघा, एखादी पाटी असेल तर तिची अक्षरं बघा.

एकच गोष्ट राहिली. आबांनी मला न विचारता बाराबंदीच्या आतून एक चोरखिसा लावला होता. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हटलं, आबा, १९३६ साली हा कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडा. "मोबाईल कोठे ठेवशात?" कपडा उलटा केल्यावर तो चोरखिसा बरोबर छातीवर, सगळ्यांना दिसेल असा बाहेर आला. मग तोही उसवला. खादीवर सुईची बारीक छिद्रं राहिली, चौकोनी, खिशाच्या आकाराची. "धोवावर जाई, नाना," आबा म्हणाले.

दोनदा धुतली. अजून दिसतात.